आधी चाल, मग चिखल: ब्लॅक मेटलचं गाणं घरच्या घरी कसं उभं करायचं

ओळखीतली पोरं मला अधूनमधून डेमो पाठवतात. सोबतचा प्रश्न ठरलेला: "दादा, आवाज नॉर्वेसारखा का येत नाही?" ऐकलं की कळतं, आवाजाचा काही दोष नाही. आत गाणंच नाही. पेडल, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारी पायाजवळची डबी, आधी विकत आलं, मग त्याचा गेन, म्हणजे खरखरीचं प्रमाण, पूर्ण चढवला, मग त्या गुरगुरीत जे हाताला लागलं त्याला रिफ (गाण्यात फिरत राहणारी छोटी सुरावट) म्हटलं, आणि शब्द रेकॉर्डिंगच्या रात्री लिहिले. सगळं उलट्या क्रमाने. पुढे लिहिलेला क्रम मी स्वतः दोन डेमो वाया घालवून शिकलोय.

एक खुलासा आधीच करतो. इथे मी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत आकाराला आलेल्या, सैतानी विषयांच्या ब्लॅक मेटलबद्दल बोलतोय. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतला डेथ मेटलचा करवती आवाज वेगळा. तिथे बॉसच्या एचएम-२ पेडलचे चारही खुंट पूर्ण फिरवायचे आणि जाड, खालच्या पट्टीतल्या रिफ वाजवायच्या. ती दुसऱ्या घरची पाककृती आहे. दोन्ही एकाच पातेल्यात टाकली की दोन्ही बिघडतात.

## तयारी: काय लागतं, काय लागत नाही

सात तारांची गिटार लागत नाही. साधी सहा तारांची, ई स्टँडर्ड म्हणजे नेहमीच्या सुरात लावलेली किंवा अर्धा स्वर खाली. नवशिके पहिली चूक इथेच करतात: 'एक्स्ट्रीम' म्हणून तारा पार खाली उतरवतात. या संगीताचा जीव वरच्या आणि मधल्या तारांवरच्या सुरावटीत आहे. ढिल्या तारेवर वेगाने ट्रेमोलो (एकच सूर पिकने भराभर वर-खाली) मारला की सूर डगमगतो आणि सगळं बेसुरं वाटतं.

गिटार आणि माइक संगणकाला जोडणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक साधा डायनॅमिक माइक, हेडफोन आणि संगणकावर कुठलंही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. पिक मात्र कडक हवं, एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड. पातळ पिक वेगात मागे राहतं. तारा नव्या घाला आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी घाला, त्याच दिवशी नको. ताज्या तारा ताणत राहतात आणि दर दहा मिनिटांनी सूर लावत बसावं लागतं.

तपासणी: बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि मोकळ्या तारेचा सूर ट्यूनरवर जुळतात का पाहा. नसतील जुळत तर पुढे काहीही करू नका, आधी गिटार दुरुस्तीवाल्याकडे नेऊन इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवरचे सूर जुळवणं, करून घ्या.

## टप्पा १: तुमचा सैतान कोण, ते एका वाक्यात लिहा

हसू नका, संगीत यावरच ठरतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९६६ साली अँटन लावेने काढलेल्या चर्च ऑफ सेटनमध्ये सैतान म्हणजे माणसाच्या स्वत्वाचं प्रतीक, खराखुरा देव नव्हे. स्वीडनच्या वाटेनसारखे बँड मात्र त्याकडे उपासना म्हणून बघतात. तिसरी वाट बंडखोर देवदूताची, स्वर्गातून हाकलून दिलेल्याची. चौथी निव्वळ टिंगलीची.

उपासना असेल तर गाणं मंत्रासारखं फिरत राहतं आणि घाई सोसत नाही. बंड असेल तर सुरावट वर चढते, वेग वाढतो. टिंगल असेल तर पंकसारखे दोन-तीन सरळ कॉर्ड आणि दणकट ठोका पुरतो. एकाच गाण्यात चारही घेतलेत तर ऐकणाऱ्याला कळत नाही की गुडघे टेकायचे की दात विचकायचे.

सावधान: सैतानाच्या जागी आपला वेताळ किंवा म्हसोबा बसवू नका. त्यांना गावोगावी नारळ चढतो. ते देवाचे शत्रू नाहीत, वेशीचे राखणदार आहेत. गोव्यात तर देवचार या एकाच शब्दाचे दोन संसार आहेत. हिंदू घरात तो गावाची राखण करणारा, ख्रिस्ती घरात तोच शब्द सैतानासाठी. हा पेच घेऊन गाणं लिहिलंत तर काहीतरी हाती लागेल. नुसतं नाव उचललंत तर विनोद होईल.

## टप्पा २: चाल बांधा, पेटीवर वाजवून पाहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या हिशेबाने एकूण वेळाचा निम्मा.

आपल्याला एक सोय आहे. थाट माहीत असले की काम अर्धं होतं. यातली बरीच चाल नॅचरल मायनरवर, म्हणजे आसावरी थाटावर उभी असते. कोमल रिषभ आला की फ्रिजियन, म्हणजे भैरवी थाट. पण त्यात फार रमू नका, मैफल आटोपल्यासारखं वाटायला लागतं. कोमल रे मिठासारखा वापरा. तीव्र मध्यम हा षड्जापासून बरोबर सहा अर्धस्वरांवर. युरोपात ज्याला 'संगीतातला सैतान' म्हणतात ते हेच अंतर. तोही चिमटीनेच, वळणावर.

पण या संगीताचा खरा रंग थाट मोडण्यात आहे. एका मायनर कॉर्डवरून दूरच्या दुसऱ्या मायनर कॉर्डवर उडी मारायची. हे हातात धरून बघूया. गिटार घ्या, गेन बंद, स्वच्छ आवाज, आणि ई हा षड्ज माना. तारा सर्वात बारीक तारेपासून मोजायच्या.

पहिला आकार: चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी मोकळी, दुसरी मोकळी. हा ई मायनर: सा, कोमल ग, प.

दुसरा आकार: चौथी तार पहिल्या फ्रेटवर, तिसरी मोकळीच, दुसरी पहिल्या फ्रेटवर. हा सी मायनर.

काय झालं बघा. खालचा सा अर्धा स्वर उतरून शुद्ध नी झाला, वरचा प अर्धा स्वर चढून कोमल ध झाला, आणि मधला ग जागचा हललाच नाही. एकाच जागी उभं राहून जमीन सरकल्यासारखं वाटतं ते यामुळे. नुसतं 'कोमल ध वर जा' म्हणून आसावरीतून सी मेजर वाजवलात तर तेच वळण सिनेमातल्या निरोपाच्या प्रसंगासारखं गोड लागेल. फरक फक्त त्या एका शुद्ध नीचा.

तिसरा आकार: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी तार तिसऱ्यावर, दुसरी तार दुसऱ्यावर. हा बी फ्लॅट मायनर, मूळ स्वर तीव्र मध्यम. ई मायनरशी याचा एकही सूर सामाईक नाही, म्हणून इथे पायाखालचं काही उरत नाही. परत ई मायनरवर या.

पहिला आकार चार आवर्तनं, दुसरा दोन, परत पहिला एक, तिसरा एक. झाली आठ आवर्तनांची रिफ. बेसने खाली ई, सी, ई, बी फ्लॅट एवढंच धरायचं. माझे आकडे तसेच उचलू नका, लांबी बदला, कॉर्ड बदला. फक्त कॉर्ड बदलताना कुठला सूर थांबतो आणि कुठला सरकतो हे दर वेळी मोजा.

दुसरी युक्ती तंबोऱ्याची: एक तार मोकळी वाजती ठेवायची आणि तिच्या शेजारच्या तारेवर सुरावट फिरवायची. मोकळ्या षड्जाला कोमल रे घासला जातो तेव्हा जो कडवटपणा येतो तो कुठल्याच पेडलमधून येत नाही.

तपासणी: रिफ पेटीवर किंवा स्वच्छ गिटारवर सावकाश वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी न ऐकता गुणगुणता आली तर ठेवा. नाही आली तर ती चाल नाही, बोटांचा व्यायाम आहे.

## टप्पा ३: उजवा हात

ट्रेमोलो म्हणजे एकच सूर किंवा कॉर्ड वर-खाली, वर-खाली, न थांबता. १८० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १८० मात्रांना, सोळाव्या भागाचे ठोके (मात्रेत चार) म्हणजे सेकंदाला १२ वार. हे कोपरातून मारलं तर दोन मिनिटांत हात दगड होतो. मनगटातून मारा, पिक तारेत जेमतेम टोकाने घुसवा आणि तारेशी किंचित तिरकं धरा.

मेट्रोनोम १२०वर लावा. चार मिनिटं अखंड जमलं की ५ने वाढवा. दिवसाला दोनदाच वाढवा. वेग आठवड्यांत येतो, एका रविवारात येत नाही.

इशारा: दुखणं मनगटात किंवा कोपरात टोचल्यासारखं असेल तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या. स्नायू थकणं वेगळं, हे वेगळं.

## टप्पा ४: ड्रम

बहुतेकांकडे ड्रमर नसतो, म्हणून संगणकावरच्या ड्रमबद्दल सांगतो. साधा ब्लास्ट बीट, म्हणजे या संगीतातला अतिवेगवान ठेका, असा: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि सिंबल (झांज) एकत्र, मग स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), मग किक-सिंबल, मग स्नेअर. किक आणि स्नेअर आळीपाळीने सोळाव्या भागांवर बसवले की प्रत्येक ठोका गिटारच्या एका वाराशी जुळतो.

चुका तीन, आणि त्या जवळजवळ प्रत्येक डेमोत असतात.

पहिली म्हणजे सगळे ठोके १२७ ताकदीचे, म्हणजे संगणकात ठोक्याला देता येते त्या कमाल ताकदीचे. खरा ड्रमर जितका वेगात जातो तितका हलका मारतो. ब्लास्टमध्ये स्नेअर ८५ ते १०५ च्या मध्ये खालीवर ठेवा, १२७ फक्त वळणावरच्या एखाद्या ठोक्याला. नाहीतर शिवणयंत्र ऐकू येतं.

दुसरी म्हणजे तीन हातांचा ड्रमर. हायहॅट आणि क्रॅश या दोन झांजा आणि स्नेअर एकाच क्षणी वाजत असतील तर थांबून हात मोजा.

तिसरी म्हणजे पाच मिनिटं अखंड ब्लास्ट. वेग जाणवायला शेजारी संथपणा लागतो. यासाठी सर्वात स्वस्त उपाय: रिफ तीच ठेवा, खालचा ठोका बदला. पहिल्यांदा निम्म्या वेगाचा जड ठोका, दुसऱ्यांदा ब्लास्ट, तिसऱ्यांदा सहाच्या हिशेबातला हेलकावा. दादरा ठेका कानात असेल तर हा हेलकावा लगेच सापडेल. नॉर्वेच्या बँडांनी तो भरपूर वापरलाय.

याला अपवाद आहे. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडच्या १९९४च्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' या अल्बममध्ये ड्रम जवळपास बदलतच नाहीत. सगळी वाद्यं बँडच्या फेनरिझने एकट्याने चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर वाजवली आहेत. तिथे ते चालतं, कारण वरची सुरावट इतकी ठळक आहे की ठोका तंबोऱ्यासारखा मागे वाहत राहतो. तुमची चाल टप्पा २च्या तपासणीत सहज पास झाली असेल तरच ही वाट धरा.

## टप्पा ५: रचना

तीन रिफ पुरतात. चार म्हणजे चैन. डेमोत मी एका गाण्यात अकरा रिफ मोजल्यात. ते गाणं नसतं, दुकानातला नमुन्यांचा अल्बम असतो.

प्रत्येक रिफ लोकांना वाटते त्याहून जास्त वेळ चालू द्या आणि दर चार फेऱ्यांनी एकच गोष्ट बदला: दुसरी गिटार वरच्या सुरात आली, बेस थांबला, गायकाचा आवाज थांबला. एकच. दोन बदलल्यात तर कानाला नवीन भाग सुरू झाल्यासारखं वाटतं.

## टप्पा ६: शब्द

रक्त, काळोख, बोकड, ६६६, थडगं. या यादीतले शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या आणि दुसऱ्यात निम्मे खोडा. त्या जागी डोळ्याला दिसेल अशी एक वस्तू आणा: विझलेल्या मेणबत्तीचा वास, उलटी ठेवलेली वाटी, रिकाम्या चर्चमधलं ओलं लाकूड.

मराठीत लिहायचं असेल तर ओवीचा साचा वापरून पाहा. साडेतीन चरण, पहिल्या तिघांना यमक, शेवटचा आखूड चरण तुटल्यासारखा. फिरत्या रिफवर तो फार नेमका बसतो. बायबलची गोष्ट ओवीत मावते का ही शंका असेल तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण चाळा. ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. भक्तिभावाने रचलेल्या त्या ग्रंथाची लय उलट्या कामाला वापरणं हा बंडाचाच भाग झाला, असं मला वाटतं. ज्याचं त्याने ठरवावं.

कर्कश आवाजात मराठीची अक्षरं कशी टिकतात हे मी वहीत नोंदवून ठेवलंय. ख, घ, ठ, ढ छान फुटतात. 'आ' आणि 'ओ' लांबवता येतात. 'ई' किंचाळीत शिट्टीसारखी बारीक होते. 'ळ' तर गायबच होतो, काळ आणि काय सारखेच ऐकू येतात. म्हणून ओळीचा शेवट 'आ'वर येईल असा शब्द निवडा. 'जळतो'पेक्षा 'पेटला' बरा.

सावधान: भारतात मुद्दाम, दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान करणं हा गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेचं कलम २९५-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. युरोपातही हे फुकट सुटत नाही. बेहेमोथ या बँडच्या गायकाने, नेरगालने, २००७ साली पोलंडमध्ये गडिनियाच्या कार्यक्रमात मंचावर बायबल फाडलं आणि कोर्टाच्या पायऱ्या अनेक वर्षं चढल्या. गाण्यातलं पात्र बोलतंय आणि तुम्ही शेजारच्या खऱ्या माणसांना शिव्या घालताय, यातला फरक शब्दांतच दिसला पाहिजे.

## टप्पा ७: गळा

माझा पहिला प्रयत्न असा: रविवारी दुपारी तीन तास नुसतं ओरडलो. सोमवारी आवाज नव्हता, शनिवारपर्यंत नव्हता. मधल्या काळात खालच्या मजल्यावरच्या काकू वाफाऱ्याचं भांडं घेऊन वर आल्या. "अरे, दमा आहे का तुला? आईला सांगितलंस का?"

ही किंचाळी ओरडून येत नाही. जुनं दार उघडताना वाजतं तशी बारीक करकर घशात काढा, सकाळी उठल्या उठल्या येते तशी. तिला पोटातून स्थिर श्वासाचा आधार द्या. मग तोंडाचा आकार बदला: ओठ मागे, जीभ थोडी वर, की आवाज पातळ आणि थंड होतो. मोठेपणा माइक देतो. नीट जमलेली किंचाळी खोलीत साध्या बोलण्याएवढीच मोठी असते, हे ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो.

पहिले दोन आठवडे दिवसाला १५ मिनिटं. साधं पाणी पीत राहा, बर्फाचं नको, आणि घसा खाकरू नका. खाकरण्यानेच जास्त घासतं.

इशारा: टोचलं, जळजळलं किंवा रक्ताची चव आली की लगेच बंद. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

गाताना कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर उभं राहा आणि मागे गोधडी टांगा. गोधडीने खोलीचा घुमारा कमी होतो. शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज कमी होत नाही, हे काकूंमुळे कळलं. दुपारी दोनच्या आत उरका.

## टप्पा ८: रेकॉर्डिंग

क्रम असा: ड्रम, मग गिटार, मग बेस, शेवटी गायकाचा आवाज.

गिटारचा कोरा सिग्नल, म्हणजे डीआय, नेहमी वेगळ्या ट्रॅकवर घ्या. २४ बिट, आणि सर्वात मोठा वार उणे १० डेसिबलच्या आसपास. ऐकताना अँपचं प्लगइन (गिटारच्या अँपसारखा आवाज देणारं सॉफ्टवेअर) लावा, पण साठवायचं कोरं.

प्रत्येक रिफ दोनदा वाजवा आणि एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमध एकच ऐकू येतो, रुंदी येत नाही. दोन खऱ्या हातांमधला बारीक फरक हाच तो भिंतीसारखा आवाज.

आणि गेन. तुम्हाला हवाय त्याहून एक तृतीयांश कमी करा. ट्रेमोलोमध्ये सूर आधीच न तुटता वाहतो. त्यावर पूर्ण गेन चढवला की कॉर्डमधला तो सरकणारा नी आणि ध दोन्ही गाडले जातात, आणि टप्पा २ची मेहनत पाण्यात.

तपासणी: डावी गिटार बंद करून फक्त उजवी ऐका. कॉर्ड कधी बदलला हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ९: आता चिखल

आता, आणि आताच. कच्चा आवाज म्हणजे निष्काळजी आवाज नव्हे. नॉर्वेतल्या बर्गनच्या ग्रीगहालेन या मोठ्या संगीत सभागृहात पिटेन या निर्मात्याने एम्परर आणि मेहेम या बँडांची १९९०च्या दशकातली रेकॉर्डिंगं केली. तिथल्या ड्रममागे खरी मोठी जागा ऐकू येते. डार्कथ्रोनच्या चार ट्रॅकमध्ये जागाच नाही. दोन्ही ठरवून निवडलेले आवाज आहेत. तुम्हीही एक निवडा.

गिटारला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ती जागा बेसची. मिड, म्हणजे मधल्या उंचीचा आवाज, कापू नका. 'मेटल आहे म्हणून मिड शून्य' या सवयीने घरी एकट्याने ऐकताना मजा येते आणि ड्रम आले की गिटार दिसेनाशी होते. वर १० ते १२ किलोहर्ट्झच्या पुढची फसफस कापली तर कान थकत नाहीत.

गायकाच्या आवाजाला अडीच-तीन सेकंदांचा हॉल रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या सभागृहासारखा घुमारा, आणि ५० मिलिसेकंदांच्या आसपास प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा क्षण. मग फेडर (त्या ट्रॅकच्या आवाजाची पट्टी) खाली आणा, गायक गिटारींच्या मागे कुठेतरी उभा आहे असं वाटेपर्यंत. पॉपसारखा पुढे आणलात की तो किंचाळणारा माणूस वाटतो. मागे गेला की माणूस उरत नाही.

शेवटी सगळ्यावर टेपचा थर. घरात जुना कॅसेट डेक चालू असेल तर मिक्स त्यावर उतरवून परत संगणकात घ्या. नसेल तर प्लगइन चालेल. अर्धा टेपवरचा, अर्धा कोरा असं मिसळा.

तपासणी: फोनच्या स्पीकरवर लावून शेजारच्या खोलीत जा. चाल गुणगुणता येतेय? ठीक. नुसती पावसाची सर ऐकू येतेय? टेपचा थर निम्मा करा.

## टप्पा १०: बाहेर सोडण्याआधी

एक आठवडा ऐकू नका. मग एकदाच ऐका आणि फक्त तीन दुरुस्त्या लिहा.

मुखपृष्ठावर इंटरनेटवरून उचललेली जुनी नॉर्डिक चिन्हं लावण्याआधी त्यांचा अर्थ शोधा. काही चिन्हं नाझी आणि वंशवादी बँडांनी उचललेली आहेत. तुमचं गाणं सैतानाबद्दल आहे आणि झेंडा भलत्याचाच, असं व्हायला नको.

गिटारच्या डीआय फायली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, नावात तारीख आणि बीपीएम घालून. सहा महिन्यांनी नवं अँपचं प्लगइन येईल आणि तुम्हाला पुन्हा सगळं मिक्स करावंसं वाटेल.